नानकटाई, दालचिनी आणि भट्टीपुढची रांग

१/ गेल्या रविवारी जळगावच्या घरी, टेबलावर मावेल एवढ्या विजेच्या ओव्हनमध्ये, मी दालचिनी-साखरेत घोळवलेल्या मऊ कुकीज भाजल्या आणि छायाचित्र इथे टाकले. तासाभरात एका परिचिताची प्रतिक्रिया आली : ‘इतिहासाचे विद्यार्थी तुम्ही, आणि ही परदेशी थेरं? आपली नानकटाई काय वाईट होती?’ उत्तर लिहायला बसलो तर ते लांबतच गेले. म्हणून हा धागा. सवडीने वाचा.

२/ आधी ‘आपली’ या शब्दाकडे पाहू. ‘नानकटाई’तला ‘नान’ फारसी. त्याचा अर्थ रोटी. ‘खताई’ची सर्वाधिक मान्य व्युत्पत्ती ‘खिताय’पासून, म्हणजे चीनपासून आहे. दहाव्या ते बाराव्या शतकात उत्तर चीनवर राज्य करणाऱ्या खितान लोकांवरून मध्य आशियाने त्या साऱ्या देशाला हे नाव दिले. रशियन भाषेत चीनला आजही ‘किताय’च म्हणतात. तेव्हा नानकटाई म्हणजे, शब्दशः, चिनी रोटी.

३/ आणि दालचिनी? मूळ फारसी शब्द ‘दारचीनी’. दार म्हणजे लाकूड. चिनी लाकूड! ज्या दोन पदार्थांपैकी एकाला आपण स्वदेशी आणि दुसऱ्याला परदेशी ठरवतो, त्या दोघांच्याही नावावर एकाच देशाचा शिक्का आहे.

४/ राहिली ‘कुकी’. हा शब्द इंग्रजांनी घडवलेला नाही. डच भाषेत लहान केकला ‘कुक्ये’ म्हणतात. डच वसाहतकारांनी तो अमेरिकेत नेला आणि तिथून तो इंग्रजीत शिरला. त्यांचे न्यू ॲमस्टरडॅम इंग्रजांनी सप्टेंबर १६६४ मध्ये घेतले आणि त्याचे न्यूयॉर्क झाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली होती आणि तिथल्या वखारीत हेच डच जीव मुठीत धरून बसले होते. (या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण सनावळी पाठ करताना असे योग सापडले की बरे वाटते.)

५/ सुरतेचे नाव निघाले ते बरे झाले, कारण खानदेशची गोष्ट सुरतेवाचून सांगताच येत नाही. आज आपण धुळे-जळगावला मुंबई-पुण्याच्या नकाशात एका कोपऱ्यात बसवतो. सतराव्या शतकात हा प्रदेश कोपरा नव्हता, राजरस्ता होता. सुरत बंदरात उतरलेला माल व्यारा, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा तापीच्या खोऱ्यातून बऱ्हाणपुरास जाई आणि तिथून आग्र्याकडे. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेऊन फारुकी राज्य संपवल्यानंतर बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेकडील कारभाराचे केंद्र बनले होते.

६/ या वाटेने गेलेल्या प्रवाशांत इंग्रज वकील सर टॉमस रो माझ्या विशेष आवडीचा. १६१५ च्या नोव्हेंबरात तो सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला. दरबारी डावपेचांइतकीच त्याला पोटाचीही काळजी होती. पाव मिळेना म्हणून तो कुरकुरत होता, कारण वाटेतले लोक पाव भाजत नसत, रोट्या थापत. सुरत सोडल्यावर त्याला पहिल्यांदा पाव मिळाला तो नंदुरबारला. खानदेशच्या खाद्येतिहासात या एका नोंदीला मी फार मोठे स्थान देतो. भट्टीत भाजलेला पाव आपल्याकडे ब्रिटिश राज्याबरोबर आला, असे सहज समजले जाते. नंदुरबारात तो त्यापूर्वी दोनशे वर्षे विकत मिळत होता.

७/ याच प्रवासात रोला धान्याने लादलेल्या दहा हजार बैलांचा एक तांडा भेटला. पुढे टॅव्हर्नियेने नवापूरच्या सुवासिक तांदळाचे कौतुक लिहून ठेवले. सुबत्तेची ही चित्रे आपल्याला आवडतात. पण १६३० मध्ये पीटर मंडी त्याच वाटेने गेला तेव्हा दुष्काळ पडला होता, आणि त्याच्या नोंदींत रस्त्याकडेची प्रेते आहेत. तीच वाट, मध्ये फक्त पंधरा वर्षे.

८/ आता दालचिनी. खरी दालचिनी सिंहलद्वीपाची : पातळ, कागदासारख्या सालींची गुंडाळी. पोर्तुगीजांकडून डचांनी १६५६ मध्ये कोलंबो घेतले, १६५८ पर्यंत बेटावरची उरलेली पोर्तुगीज ठाणीही काबीज केली आणि दालचिनीचा व्यापार मुठीत ठेवला. साल सोलण्याचे काम सलागम जातीच्या लोकांवर सक्तीने लादलेले होते. चोरून सोलणाऱ्यास वा विकणाऱ्यास देहदंडापर्यंतची शिक्षा होती. सुरतेच्या डच वखारीत लवंग, जायफळ आणि जायपत्रीबरोबर ही दालचिनीही उतरे. तिचा पुढचा रस्ता कोणता, ते वर आलेच आहे.

९/ आपल्या किराणा दुकानात ‘दालचिनी’ म्हणून जी जाड, कडक, तिखट साल मिळते ती बहुधा कॅसिया असते. तिचे मूळ चीन आणि आग्नेय आशियात. म्हणजे फारसी नाव आपल्या दुकानातल्या सालीला सिंहली सालीपेक्षा अधिक शोभते. आमच्या घरी काळ्या मसाल्यात हीच पडते, आणि माझ्या कुकीजमध्येही हीच पडली.

१०/ नानकटाईच्या जन्माची एक कथा तुम्ही ऐकली असेल. सुरतेत डचांची बेकरी होती. तिथे काम करणाऱ्या पारशांपैकी फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांच्याकडे ती डच निघून जाताना आली. ताडीने फुगवलेल्या पावाला नंतर गिऱ्हाईक उरले नाही. वाळलेला पाव लोक आवडीने खाऊ लागले. त्यातून बिस्किटे आणि अखेर नानकटाई जन्मली. कथा गोड आहे. दोटीवालांची बेकरी सुरतेत आजही आहे आणि ती आपली स्थापना १८६१ ची सांगते.

११/ पण सनावळी मांडून पाहा. सुरतेतली डच सत्ता १७९५ मध्ये मोडली आणि १८२५ मध्ये त्यांनी वखार इंग्रजांना कायमची सोपवली. १८२५ आणि १८६१ यांमध्ये छत्तीस वर्षे आहेत आणि कथा ती एका वाक्यात ओलांडते. शिवाय ‘नान-ए-खताई’ या नावाचे चुलतभाऊ इराण-अफगाणिस्तानात आहेत. सुरतेने नानकटाईला आजचे रूप आणि बाजार दिला, हे मी मान्य करीन. ‘सुरतेत शोध लागला’ हे मान्य करणार नाही. खाद्यपदार्थांचे ‘शोध’ बहुतेक वेळा दुकानाच्या पाटीवर लागतात.

१२/ मला मूळ कुठले, यापेक्षा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : परक्या हातच्या भट्टीतला पदार्थ आपल्या देवघरापर्यंत पोचलाच कसा?

१३/ कारण बिस्किट ही एकेकाळी साधी गोष्ट नव्हती. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. उपस्थितांत रानडे होते, टिळक होते. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी नावांची यादी वृत्तपत्रात छापवून आणली आणि ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले; रानड्यांसारख्या माणसाने शेवटी प्रायश्चित्त घेतले. एका पेल्याने आणि एका बिस्किटाने पुण्याचे सार्वजनिक जीवन दोन वर्षे घुसळून काढले. पावाची गत याहून वाईट. तो खाल्ला की माणूस बाटला, अशीच समजूत होती.

१४/ मग नानकटाई का बाटवत नव्हती? माझा तर्क असा. सोवळ्याओवळ्याचे शास्त्र पाण्यापाशी कडक होते. पाण्यात शिजलेला भात खरकटा. तुपात तळलेले फराळाचे मात्र प्रवासात चाले, दुसऱ्याच्या घरी चाले. नानकटाईत मैदा, रवा, तूप, पिठीसाखर. पाण्याचा थेंब नाही, आंबवण नाही, ताडी नाही. शिवाय सगळा जिन्नस घरचा, बहुधा मळलेलाही घरीच. बेकरीवाल्याची म्हणून होती ती फक्त आग, आणि आग कुणाच्या शिवण्याने बाटत नाही.

१५/ यातली गंमत अशी की, जे कारण नानकटाईला सोवळ्यात बसवते तेच तिला खुसखुशीत करते. तूप पिठाच्या कणाकणाला लपेटते, पाणी नसल्याने पिठात चिवटपणाचे जाळे बनत नाही, म्हणून ती तोंडात विरते. मऊ कुकीची रीत याच्या नेमकी उलट. लोण्यात थोडे पाणी असते, अंड्यात भरपूर. त्यामुळे पिठाला ओढ येते. ती पुरती वाळण्याआधीच ओव्हनमधून काढायची. आंबट पदार्थ घातल्याने साखरेचे पुन्हा खडे होत नाहीत आणि ओलावा टिकतो. अमेरिकेत त्यासाठी द्राक्षमद्याच्या पिंपात साचणारा क्षार, म्हणजे क्रीम ऑफ टार्टर, वापरतात. आमच्या गल्लीत तो मिळाला नाही. मी लिंबू पिळले. घरात अंडे चालत नाही म्हणून अर्धे पिकलेले केळे घातले. जळगावात राहून केळे मिळाले नाही, असे म्हणायची सोय नाही.

१६/ पहिला घाणा १८० अंशांवर चौदा मिनिटे ठेवला, कडक झाला. दुसरा दहा मिनिटांत काढला. मध्यभाग अजून ओला दिसत असताना काढायला धीर लागतो. थंड झाल्यावर कडा घट्ट, आत मऊ, किंचित चिवट. आजीने एक मोडून पाहिली आणि निकाल दिला : ‘भाऊ, हाई कच्चं ऱ्हायनं शे.’ मग दुसरी घेतली.

१७/ आजीने मग धुळ्याची गोष्ट सांगितली. तिच्या संसाराची सुरुवातीची वर्षे तिथे गेली. दिवाळीआधी आठवडाभर बायका मैद्याचे डबे, तुपाच्या बरण्या, साखर घेऊन पहाटेच भट्टीवर जात. पत्र्यांवर गोळे मांडायचे, आपला पत्रा ओळखू यावा म्हणून कुणी चारोळी लावायची, कुणी चमच्याची खूण करायची. उन्हाळ्याच्या सुटीत कणकेची बिस्किटे, ती पत्र्याचे डबे भरभरून. पैसे किलोवर. भट्टीवाले चाचा मुसलमान होते. दिवाळीच्या आठवड्यात त्यांची भट्टी विझत नसे. ‘कुणाचं तूप चांगलं ते चाचाला बरोब्बर ठाऊक,’ ती म्हणाली.

१८/ या चित्राला मी सोन्याचा मुलामा देणार नाही. त्या रांगेत सगळे गाव नव्हते. तूप विकत घेण्याची ऐपत नसलेली घरे नव्हती, आणि ज्यांच्या डब्याशेजारी आपला डबा ठेवायला लोक कचरत अशीही घरे होती. आजीला विचारले तर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ते दुपारून येत. आपण ज्याला सलोखा म्हणतो त्याचेही वेळापत्रक असते.

१९/ तरीही ती रांग होती. जिथे भाताला शिवू देत नसत तिथल्या घरांनी वर्षातून एकदा सणाचा पदार्थ परक्या माणसाच्या विस्तवावर सोपवला आणि तोच देवापुढे ठेवला. हे कुठल्या सुधारकाच्या व्याख्यानाने घडले नाही. घरात ओव्हन नव्हता, म्हणून घडले. आता ओव्हन आहे. माझ्या टेबलावरच आहे.

२०/ म्हणून मला त्या प्रतिक्रियेचे वाईट वाटले, ते कुकीजमुळे नव्हे. मागच्या दिवाळीत आमच्या नातेवाइकांच्या गटावर एक पाठवलेला संदेश फिरत आला : सणाची नानकटाई ‘त्यांच्या’ भट्टीवर भाजून घेऊ नका. त्याखाली अंगठे उमटले. ज्यांनी अंगठे दिले त्यांपैकी निम्म्यांची बालपणे मला ठाऊक आहेत. ती त्याच पत्र्यांवरची नानकटाई खाऊन गेली आहेत. ‘आपली नानकटाई’ म्हणताना आपण चाचांना त्यातून वगळत असू, तर मागे उरते ते काय? फारसी नाव, सुरतेचा घाट आणि घरचे तूप.

२१/ मी त्या गटात तेव्हा काही लिहिले नाही. इतिहासाचा विद्यार्थी असून लिहिले नाही. घरातल्या मोठ्यांना उलट उत्तर द्यायचे नाही, हे कारण तेव्हा पुरेसे वाटले. आज वाटत नाही.

२२/ काल हा धागा लिहून झाल्यावर त्या गटावर कुकीजचे छायाचित्र टाकले आणि खाली लिहिले की यंदा धनत्रयोदशीच्या आधी मी आणि आजी नानकटाईचे पीठ घेऊन भट्टीवर जाणार आहोत. कुणाला डबा द्यायचा असेल तर आणून द्या, नेतो. आतापर्यंत एक काकू ‘दोन किलो’ म्हणाल्या आहेत. दालचिनी घालायची की वेलची, यावर त्यांचा आणि आजीचा वाद सुरू आहे.

२३/ अमळनेर, चोपडा, शिरपूर, नंदुरबार, बऱ्हाणपूर : या वाटेवरच्या कुणाच्या घरी भट्टीवर काय नेत असत, पत्रा कसा ओळखत, पैसे कसे देत, हे आजी-आजोबांना विचारून खाली लिहा. वर्ष आठवत नसेल तर ‘अमुक दुष्काळाच्या आधी’, ‘तमक्याच्या लग्नाच्या साली’ असे लिहिले तरी चालेल. मी उतरवून ठेवतो आहे.