राणीचे माहेर

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात काय घडले हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. त्याच महिन्याच्या २२ तारखेस बँकॉक येथे थायलंडचे राजे भूमिबोल यांनी चीवर धारण केले व सुमारे पंधरा दिवस ते भिक्खू म्हणून विहारात राहिले, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. त्या अवधीत राज्याचा भार चोवीस वर्षांच्या राणी सिरिकित यांनी राजप्रतिनिधी म्हणून वाहिला. त्यांच्यापूर्वी १८९७ साली, राजे चुलालोंगकोर्न युरोपच्या प्रवासास गेले असता, राणी साओवाफा यांनी हेच दायित्व पार पाडले होते. थाई समाज या राण्यांना नुसत्या पट्टराण्या म्हणून ओळखत नाही. त्या कोणाच्या कन्या, कोणत्या घराण्यातल्या, हे तेथे आवर्जून सांगितले जाते. राणी सिरिकित यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, तेथे मातृदिन म्हणून पाळला जातो.

आपल्या अनेक विहारांत थायलंडहून आलेल्या बुद्धमूर्ती आहेत. म्हणून त्या देशातील राण्यांविषयी आपल्या मुलांना काही कळावे, हे योग्यच. परंतु राजप्रतिनिधी राणी पाहण्यासाठी बँकॉकपर्यंत जाण्याचे कारण नाही. ती आपल्या विदर्भातच, पंधराशे वर्षांहून अधिक काळापूर्वी होऊन गेली.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. दुसरी, ज्येष्ठ शाखा नंदिवर्धन येथे, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनला नांदत होती. त्या शाखेतील राजा दुसरा रुद्रसेन याची अग्रमहिषी प्रभावतीगुप्ता. ती सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या. पती अकाली निवर्तला तेव्हा मुले लहान होती. युवराज दिवाकरसेन याच्या नावाने तिने राज्य चालविले. पुणे ताम्रपट म्हणून जो लेख प्रसिद्ध आहे तो या कारभाराच्या तेराव्या वर्षीचा आहे. तेरा वर्षे म्हणजे नाममात्र पालकत्व नव्हे. पुढे दामोदरसेन ऊर्फ दुसरा प्रवरसेन गादीवर आला, आणि त्याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातही तिने स्वतःच्या नावे दान दिल्याचा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मिळाला आहे. नगरधनच्या अलीकडील उत्खननात तिचे नाव आणि शंखाचे चिन्ह असलेली मातीची मुद्राही सापडली.

मला या राणीच्या पराक्रमापेक्षा तिच्या सहीचे अधिक आश्चर्य वाटते. ताम्रपटाच्या आरंभी दात्याची वंशावळ द्यायची, ही रीत होती. वाकाटकांची राणी, वाकाटक राज्यातील भूमी दान देणारी, वाकाटक राजपुत्राची माता. तेव्हा आरंभी वाकाटकांची नामावळी यावी, अशी आपली अपेक्षा असते. ती येत नाही. येते ती गुप्तांची. पिता चंद्रगुप्त, माता नागकुळातील कुबेरनागा, आणि गोत्र पित्याचे, धारण. सासरच्या वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध होते. ते तिने लावलेले नाही. पतीचे नाव ती सांगते, मुलाचेही सांगते, पण स्वतःची ओळख माहेराने करून देते. यात बलाढ्य पित्याचा दबदबा होता, हे उघड आहे. इतिहासकारांनी त्याचा राजकीय अर्थ लावला आहे व तो बरोबरच आहे. तरीही तांब्यावर कोरलेल्या त्या ओळींत आईचे नाव येते, याकडे दबदब्याच्या चर्चेत दुर्लक्ष होते.

आता आपल्या वत्सगुल्माकडे वळू. वाशिम येथे मिळालेला विंध्यशक्तीचा ताम्रपट आहे. आपल्याच जिल्ह्यात हिस्से बोराळा येथे देवसेनाच्या काळचा, शके ३८० चा शिलालेख आहे. त्यात सुदर्शन नावाच्या तलावाची नोंद आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने संघाला विहार अर्पण केल्याचा लेख आहे, आणि त्यात वत्सगुल्म शाखेच्या राजांची मालिका दिलेली आहे. बाप, मुलगा, नातू. या मालिकेत राण्यांना जागा नाही. हरिषेणाची आई कोण, देवसेनाची पत्नी कोणत्या घरची, याचे उत्तर हे लेख देत नाहीत. गंमत अशी की, राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त वत्सगुल्म नगरीत लावलेल्या काव्यपुरुषाच्या विवाहातील वधूचे नाव मात्र आपल्याला ठाऊक आहे: साहित्यविद्या. कल्पनेतील वधू नावानिशी उरली, खऱ्या राण्या उरल्या नाहीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. प्रभावतीगुप्ता बौद्ध नव्हती. ती विष्णुभक्त होती, रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या देवाशी तिची निष्ठा होती, आणि तिची दाने ब्राह्मणांना आहेत. आपल्या समाजात प्राचीन विदर्भातील प्रत्येक थोर व्यक्ती बौद्धच असली पाहिजे, असा आग्रह अधूनमधून दिसतो. त्याची काही गरज नाही. आपली परंपरा इतकी दरिद्री नाही. सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेणीत भिक्खुसंघाला विहार दिला, आणि तिचा पुत्र आजही आईच्याच नावाने, गौतमीपुत्र म्हणून, ओळखला जातो. बिंबिसाराची राणी खेमा ही मद्रदेशातील सागल नगरीची, हे पाली परंपरेने जपले. आणि भिक्खुणी झाल्यावर प्रज्ञेत ती अग्र ठरली. आपल्या अगदी जवळचे उदाहरण द्यायचे तर माता रमाईंचे. वणंद गाव, वडील भिकू, आई रुक्मिणी, दाभोळ बंदरावरील माशांच्या टोपल्या. रमाईंचे माहेर आपल्या घरातील लहान मुलालाही पाठ असते. बाबासाहेबांच्या पत्नी म्हणून त्यांचा गौरव करताना आपण भिकू आणि रुक्मिणीची लेक पुसून टाकली नाही.

मग आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या लेकींच्या बाबतीत आपण असे का वागतो?

माजी विद्यार्थ्यांच्या कोणत्याही मेळाव्याची नोंदवही उघडून पाहावी. मुलगा दहावीला ज्या नावाने बसला त्याच नावाने तीस वर्षांनी सापडतो. मुलगी सापडत नाही. लग्नानंतर तिचे नाव, मधले नाव, आडनाव, गाव, सगळेच बदललेले असते, आणि वसतिगृहात जी पाच-सहा वर्षे आपल्या नजरेसमोर वाढली ती वर्गमैत्रिणींच्या आठवणींखेरीज कोठेही उरत नाही. काही ठिकाणी तर तिची नोंद ‘सौ.’ लावून पतीच्या नावाखालीच केलेली असते. मग ‘मुली मेळाव्याला येत नाहीत’ अशी तक्रार होते. निमंत्रण कोणाच्या नावे गेले, हे कोणी विचारीत नाही.

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नोंदीत स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरविला. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु विवाहित स्त्रीच्या बाबतीत नाव, पतीचे नाव, आडनाव ही प्रचलित रीत त्याच निर्णयाने कायम ठेवली. म्हणजे आईचे नाव मुलीला जन्मतः मिळेल आणि विवाहानंतर पुन्हा मागे पडेल. कायदा कधी बदलेल तो बदलो. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी करण्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

माझी सूचना साधी आहे. पुढील सूची छापताना प्रत्येक माजी विद्यार्थिनीचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आहे तसेच, आई व वडील दोघांच्या नावांसह, प्रथम द्यावे. विवाहानंतरचे नाव, तिची इच्छा असल्यास, त्यापुढे. जुन्या रजिस्टरांत बहुधा आईचे नाव नसेल. ते विचारून घ्यावे लागेल, आणि हे काम माजी विद्यार्थिनींनीच बॅचवार वाटून घेतले तर अधिक नेटके होईल. पालकांनीही लेकीचा सध्याचा पत्ता व फोन कार्यालयात कळविताना जावयाचा नव्हे, तिचा स्वतःचा क्रमांक द्यावा.

शाळेची सहल अजिंठ्याला जाते, ती जावीच. एका वर्षी तिचा मार्ग रिद्धपूर, नगरधन आणि रामटेक असा ठेवता आला तर नववीच्या मुलींना ती भूमी पाहता येईल. रिद्धपूर मराठीच्या आद्य गद्याशी निगडित महानुभावांचे स्थान आहे आणि आता तेथे मराठी भाषा विद्यापीठ आहे, तेव्हा एका दिवसात दोन धडे होतील. निघण्यापूर्वी इतिहासाच्या शिक्षकांनी पुणे ताम्रपटातील वंशावळ फळ्यावर लिहावी आणि शेजारी प्रत्येक मुलीला स्वतःची, आईकडून आजीपर्यंत, लिहायला सांगावी. आजीचे माहेरचे नाव किती जणींना येते, ते तेव्हाच कळेल.