पान हाती घेण्यापूर्वी



दिवाळी आली की आमच्या कऱ्हाटीत ओसरीवर पत्त्यांचे डाव बसतात. घरच्या माणसांनी घटकाभर करमणूक करावी, यात कोणी गैर मानीत नाही. परंतु अलीकडे रमी आणि तीन पत्तीच्या जोडीला पोकर हा परदेशी खेळ तरुणांत शिरला आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. कौशल्याचा खेळ व नशिबाचा खेळ हा भेदही त्यात ठेवला नाही. राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. तथापि गोव्यात मांडवीवरील कॅसिनोंची वाट अनेकांना ठाऊक आहे.

असाच एक तरुण बागायतदार उसाचे बिल जमा झाल्यावर आमच्याकडे आला. म्हणाला, “डॉक्टर, गोव्याला पोकर खेळायला चाललोय. रात्रभर डोकं शांत राहील असं काहीतरी द्या.” ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा सारे फडताळात होते. देणे सोपे होते. आम्ही दिले नाही; का दिले नाही, ते येथे मांडतो.

खेळापूर्वी मनाची तयारी करावी, ही त्याची समजूत मुळात चुकीची नव्हती. पोकरमधील जाणते खेळाडूही तेच सांगतात. किती रक्कम हरल्यावर उठायचे, किती वेळ बसायचे, हे बसण्यापूर्वीच ठरवावे. अपुऱ्या झोपेने, मद्य घेऊन किंवा रागाच्या भरात बसू नये. याचे कारण खेळाच्या गणितात आहे. दोन एक्के ही आरंभीची सर्वोत्तम जोडी. परंतु समोर दोन राजे असले तरी शेवटच्या पानापर्यंत ती सुमारे पाचांतून एकदा हरते. निर्णय योग्य असूनही हार येते. ती सहन न होऊन मन कलंडले की माणूस गमावलेले परत मिळविण्यासाठी खेळू लागतो. खेळाडू या अवस्थेला ‘टिल्ट’ म्हणतात. आपल्या शास्त्रात तिला प्रज्ञापराध हे नाव फार पूर्वीच मिळाले आहे.

चरकाचार्यांनी धी, धृति व स्मृति यांच्या भ्रंशातून प्रज्ञापराध घडतो असे सांगितले. पटावर हे तिन्ही स्पष्ट दिसतात. संभाव्यता ओळखणे ही धी. हातची पाने टाकून देण्याचा संयम ही धृति. मागील हार व घरचे देणे ध्यानात असणे ही स्मृति. लोभ आणि क्रोध हे धारणीय वेग आहेत. परंतु ते उसळल्यावर धारण करणे कठीण. शिवाय रात्रीचे जागरण रूक्ष व वातवर्धक. म्हणजे ज्या प्रहरी धृतीची सर्वाधिक गरज, त्याच प्रहरी ती क्षीण झालेली असते. ही उणीव एका मात्रेने भरून निघत नाही. मेध्य रसायन हे दीर्घकाल, पथ्यासह सेवन करावयाचे. ते एका रात्रीचे कवच नव्हे.

महाभारतातील नलाख्यान या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे. कऱ्हेकाठी बारामतीत राहून मोरोपंतांनी आर्याभारत रचले, त्यामुळे महाभारत आपणांस परके नाही. पाय न धुता नळ संध्येला बसला. एवढ्याशा अशौचातून कली त्याच्यात शिरला आणि मंत्री व दमयंती विनवीत असताही तो कित्येक महिने हरत राहिला. पुढे ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकल्यावर कली बाहेर पडला व बिभीतक वृक्षात, म्हणजे आपल्या त्रिफळ्यातील बेहड्यात, शिरला. दुसऱ्या वेळी नळ एकच पण खेळला, राज्य परत मिळविले आणि थांबला. विद्येइतकेच ते थांबणेही मोलाचे, असे आम्हांस वाटते.

त्या तरुणाला आम्ही तीन प्रश्न विचारले. गमावलेच तर घरातील कोणते काम अडेल? पत्नीला ही रक्कम ठाऊक आहे काय? मागे ठरवून कधी वेळेवर उठला आहात काय? पहिल्या प्रश्नाला त्याने सोसायटीच्या कर्जाचे नाव घेतले. उरलेल्या दोहोंना तो गप्प राहिला. आम्ही म्हणालो, “मग तुमची तयारी झालेली नाही.” तो नाराज होऊन गेला. गोव्याला गेला की नाही, हे आम्ही विचारले नाही. परंतु पुढील महिन्यात तो पत्नीसह निद्रानाशाच्या उपचारासाठी आला, आणि या वेळी बोलला.

अहितकर विषयांपासून मन आवरणे, हीच सत्त्वावजय चिकित्सा. तिला औषध लागत नाही, वेळ लागतो. म्हणून चिकित्सकांना व औषधी दुकानदारांना आमची विनंती आहे : एकाग्रतेचे चूर्ण मागणाऱ्या तरुणास ‘कशासाठी?’ एवढे अवश्य विचारावे. उत्तर खेळाचे असल्यास पुडी बांधण्याऐवजी त्याला समोर बसवावे. व्यसन जडलेले दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे; टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांकही द्यावा. त्यात आपल्या शास्त्राला कमीपणा नाही. एका पुडीची विक्री बुडेल, परंतु एखाद्याचे उसाचे बिल घरी पोहोचेल.