एसीच्या आधी तार

हळदीचे पैसे हातात आले की आमच्या वारंगा फाट्यावर मोठ्या खोक्यांची वर्दळ सुरू होते. पूर्वी टेम्पोवरून कूलर उतरायचा, आता एसी उतरतो. मे महिन्यात पारा 42 च्या पुढे गेल्यावर कुणी कुणाला चैनखोर म्हणत नाही. फिटिंगला आलेला पोरगा बाहेरचं युनिट गच्चीवर चढवतो, पाईप ओढतो आणि मग विचारतो, ‘‘काका, पॉवरचा प्लग कुठंय?’’ तो असतो बोअरच्या मोटारीपाशी नाहीतर न्हाणीघरात. मग एक्स्टेंशन बोर्ड निघतो.

माझा भाचा टेक्सासमध्ये राहतो. त्यानं परवा फोनवर रडगाणं गायलं, ‘‘मामा, एका एसीसाठी 240 व्होल्टची वेगळी लाईन ओढावी लागतेय. परवानगी काढा, लायसनवाला माणूस बोलवा.’’ तिकडे घरातल्या साध्या प्लगला 120 व्होल्ट असतात, मोठा एसी त्यावर चालतच नाही. मी हसून म्हटलं, ‘‘आमच्या देवघरातल्या बोर्डातसुद्धा 230 आहेत रे.’’ पण आपली फसगत होते ती इथंच. त्याचा एसी चुकीच्या प्लगवर सुरूच होणार नाही, म्हणून त्याला लाईन घ्यावीच लागते. आपला एसी कुठंही लावा, सुरू होतो. आणि सुरू झाला म्हणजे सगळं ठीक, असं आपण धरून चालतो.

हिशेब सोपा आहे. दीड टनाचा एसी भर उन्हात साधारण 1,600 वॅट ओढतो. 230 ने भागलं तर सात अँपिअर. आता संध्याकाळ घ्या. शिवारातल्या मोटारी सुरू आहेत, दाब 170 वर आलाय. पंख्याचं बरं असतं, दाब उतरला की तो आपला हळू फिरतो. इन्व्हर्टर एसी तसा ऐकत नाही. दाब कमी पडला की तो प्रवाह जास्त ओढून गारवा राखायला बघतो. सातचे साडेनऊ अँपिअर होतात. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते, म्हणजे इथं पावणेदोन पटीहून जास्त. दिव्या-पंख्यासाठी टाकलेली दीड एमएमची तार, त्यात वीस वर्षांपूर्वीचा पिळून टेप गुंडाळलेला जोड, आणि हे रात्रभर. तार जळते ती बहुधा अशा जोडापाशी किंवा सैल स्क्रूपाशी.

म्हणून एसीला मेन बोर्डापासून थेट, मधे जोड नसलेली, तांब्याची चार एमएमची तार हवी. तिला स्वतंत्र 20 अँपिअरची एमसीबी. ही एमसीबी एसीची राखण करते असं लोकांना वाटतं; खरं तर ती तारेची राखणदार. ती सारखी पडते म्हणून 32 ची बसवणारे महाभाग आहेत. किटकॅटमध्ये जाड तार गुंफणाऱ्या पिढीचेच ते वारस! माणसाला झटका बसू नये म्हणून 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी वेगळी लागते.

आमचे वायरमनदादा कमी बोलतात, पण अर्थिंगचा विषय निघाला की त्यांना आवरावं लागतं. ‘‘सर, तिसऱ्या पिनीला लोक न्यूट्रलच जोडून देतात. टेस्टर लावा, सगळं बरोबर दिसतं. एक दिवस न्यूट्रल तुटला की एसीच्या पत्र्यात करंट उतरतो.’’ आमच्याकडे त्यांनी अंगणात खड्डा घेऊन पाईप पुरला, कोळसा-मीठ भरलं आणि उन्हाळ्यात तिथं पाणी ओतत जा म्हणून बजावलं. कोरडी माती वीज नीट पोटात घेत नाही. आईनं त्यावर लगेच तुळशीची कुंडी सरकवली, पाणी आपोआप पडेल म्हणून. मला तरी याहून बरी देखभाल सुचली नसती.

भिंतीला झिरी मारायची, रंग खराब होणार, याला घरातून विरोध होतो. पट्टीतून वरून तार न्या, चालतं. दिसायला वाईट, पण पुढं तपासायला सोपं. हजारोंच्या एसीवर घासाघीस न करणारा माणूस तारेच्या बंडलावर मात्र दोनशे रुपयांसाठी अडून बसतो, हे मला कधी कळलेलं नाही.

राहिला मीटर. दोन दिवे आणि एका टीव्हीच्या काळात घेतलेला मंजूर भार अनेक घरांत तसाच आहे. महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घेता येतो, आणि एका एसीच्या घराला थ्री फेजही लागत नाही. पण बिल वाढेल या धास्तीनं कुणी अर्ज करत नाही. बिल तर तसंही वाढतं, युनिट 300 च्या वर गेले की पुढचा दर महाग. गल्लीतली डीपी असते समजा 63 केव्हीएची. तिच्यावरच्या वीस घरांनी गुपचूप एसी लावले तर बत्तीस किलोवॅट, म्हणजे निम्मी डीपी, कागदावर नसलेल्या भारानंच भरली. मग ऐन मे महिन्यात ती जळते, आणि दुसरी येईपर्यंत ज्याच्याकडे एसी नाही त्याचा पंखासुद्धा बंद.