सोळा अँपिअरचा संसार

विजेवर चालणारी मोटार घेतलेल्या माणसाला 'ॲव्हरेज किती देते?' असे कोणी विचारत नाही. त्याला विचारतात, "चार्जर कितीचा बसवलात?" यातले 'कितीचा' रुपयांचे की किलोवॉटचे, हे विचारणाऱ्यालाही नीट ठाऊक नसते. पण उत्तर '३.३' असे आले, की बुलेटवाला लूनावाल्याकडे पाहताना जी भूतदया दाखवीत असे, ती त्याच्या चेहऱ्यावर उमटते. "आम्ही बुवा ७.२ चाच घेतला," असे तो हळूच सांगतो.

या सातवाल्यांशी माझे भांडण आहे. पैसे त्यांचे, भिंतही त्यांची, त्याबद्दल तक्रार नाही. पण बँकेत वीस वर्षे दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्यावर चुकलेला हिशेब दिसला की हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

हिशेब सोपा आहे. गीझरला असतो तसल्या सोळा अँपिअरच्या पॉवर पॉइंटमधून तासाला तीन युनिटे आणि वर थोडी चिल्लर मिळते. लहान मोटार एका युनिटात साधारण सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे तासाभराच्या चार्जिंगवर वीसेक किलोमीटर. कोथरूडहून कॅम्पात नोकरीला जाणारा माणूस येताना मंडईतली भाजी आणि मेहुण्याकडचा चहा धरूनही तीस किलोमीटरच्या फारसा पुढे जात नाही. त्याची भरपाई दीड-दोन तासांत होते आणि गाडी तर रात्रभर खाली उभीच असते. सातवाल्याची गाडी दहाला भरत असेल, माझी अकराला. त्यानंतर दोघेही सारखेच घोरतो.

शिवाय भिंतीवर टांगतात तो डबा मुळात चार्जरच नव्हे. खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. घरची एसी वीज बॅटरीला चालेल अशी डीसी करायचे काम तो करतो. भिंतीवरचा डबा म्हणजे दारावरचा शिपाई. पोटातला चार्जर ३.३ किलोवॉटचा असेल, तर बाहेर ७.२ चा डबा लावूनही गाडी ३.३ च घेणार. लहान मुलापुढे परातभर श्रीखंड ठेवले म्हणून ते परातभर खात नाही.

रोज दोनशे किलोमीटर धावणाऱ्याने किंवा भाड्याची गाडी चालवणाऱ्याने मोठा डबा खुशाल घ्यावा. बाकीच्यांनी पैसे वाचवावेत असेही मी म्हणत नाही. खर्च कराच, पण दिसत नाही तिथे करा. गीझर पंधरा मिनिटे चालून थांबतो. गाडी तासन्‌तास तेवढीच वीज ओढत बसते. जुना, सैल पॉइंट त्याने तापतो, पिवळा पडतो आणि एक दिवस वितळतो. म्हणून मीटरपासून गाडीपर्यंत तांब्याची स्वतंत्र वायर हवी, अंतर लांब असेल तर चार चौरस मिलिमीटरची. तिला स्वतःचा एमसीबी हवा. गळती ३० मिलिअँपिअरपर्यंत गेली की वीज तोडणारा आरसीसीबी हवा. आणि सगळ्यांत आधी चांगले अर्थिंग हवे.

अर्थिंग नीट नसेल, तर गाडीबरोबर आलेल्या केबलवर बहुधा लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. अशा वेळी काही हुशार वायरमन पॉइंटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देतात. दिवा हिरवा! ताप उतरावा म्हणून थर्मामीटर गार पाण्यात बुडवण्यातला हा प्रकार. पुढे कधी तो न्यूट्रल तुटला, तर वीज थेट गाडीच्या पत्र्यात उतरते, आणि त्याच पत्र्याला हात लावून पोरे पार्किंगमध्ये लपाछपी खेळत असतात.

इथे खरे तर सोसायटीच्या कमिटीने लक्ष घालायचे. पण कमिटी 'ना हरकत'च्या कागदावर मांडी ठोकून बसलेली. एकाला दिले की सगळे मागतील, हे तिचे कारण. मागू देत की! केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटले होते, की घरी असलेल्या जोडणीवर गाडी चार्ज करता येईल. इमारतीवरच्या भाराची काळजी असेल, तर पुन्हा हिशेब पाहा. वीस गाड्या ७.२ ने एकदम लागल्या तर १४४ किलोवॉट; ३.३ ने लागल्या तर ६६. म्हणजे सगळ्यांना मिळावे अशी इच्छा असेल, तर प्रत्येकाने लहान पॉइंट घेणे हाच उपाय. पंगतीत पहिल्यानेच चार वाट्या बासुंदी ओढली, तर शेवटच्याला वासावरच समाधान मानावे लागते.

कमिटीने नाही म्हटल्याने गाड्या यायच्या थांबत नाहीत. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडला जातो, तो पावसात भिजतो, त्यावरून स्कूटर जाते. आगीची भीती वाटते म्हणून परवानगी नाकारायची आणि त्या नकारानेच आगीची सोय करायची, याला खबरदारी म्हणत नाहीत.

तेव्हा कमिटीच्या मंडळींनो, अर्जदाराला चारच प्रश्न विचारा. वायर किती जाडीची? आरसीसीबी आहे का? अर्थिंग कोणी तपासले? काम परवानाधारक माणसानेच केले ना? उत्तरे कागदावर घ्या, पार्किंगमध्ये उतरून खात्री करा आणि सही करून टाका. डबा कितीचा, ते विचारायला शेजारी समर्थ आहेत.