पाठ टेकायला जागा द्या!

परदेशी निघालेल्या माणसाला हल्ली दोन गोष्टी फुकट मिळतात. एक म्हणजे ‘हातातल्या बॅगेत लोणचं ठेवू नका’ हा सल्ला, आणि दुसरी म्हणजे ‘लांबलचक ले-ओव्हरचा सदुपयोग कसा कराल?’ ही यादी. पहिला सल्ला शहाणपणाचा आहे. दुसऱ्याबद्दल मात्र मला भांडायचं आहे.

ही यादी तुम्हीही वाचली असेल. आठ तास आहेत ना? मग सामान लॉकरमध्ये टाका, मेट्रो पकडा, जुन्या शहरात चक्कर मारा, एक म्युझियम पाहा, तिथली प्रसिद्ध कॉफी प्या आणि दोन तास आधी परत या. जणू रात्री दोनला घरून निघालेल्या, एका विमानातून उतरलेल्या आणि दुसऱ्याची वाट पाहणाऱ्या माणसाचं अंग हे अंग नसून चाकं लावलेली बॅगच आहे. आमच्या काणकोणच्या माणसाने मोपाहून विमान पकडायचं तर त्याचा ले-ओव्हर घराच्या पायरीपासूनच सुरू होतो, हे त्या लेखकांना कुठून माहीत असणार?

बरं, अंग साथ देतंय असं धरून चालू. दारातून बाहेर कोण सोडतंय? ‘सहा तासांत लिस्बन’ असा लेख वाचायला छान वाटतो. पण हातात भारतीय पासपोर्ट आणि शेंगेनचा व्हिसा नाही, तर लिस्बनच्या विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. आणि इथे गोव्याची गंमत सुरू होते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आईबापांच्या, आजीआजोबांच्या आधारावर आपल्याकडे कितीतरी घरांत पोर्तुगीज पासपोर्ट आले. म्हणजे एकाच वाड्यातले, एकाच विहिरीचं पाणी प्यालेले दोघे चुलतभाऊ एकाच विमानातून उतरतात. पोर्तुगीज पासपोर्टवाला निवांत बाहेर पडून ट्रामने फिरून येतो, आणि भारतीय पासपोर्टवाला काचेच्या आत बसून त्याची बॅग सांभाळतो. त्याने कसला सदुपयोग करायचा? (पोर्तुगीज पासपोर्ट घेणं बरोबर की चूक, हा वाद इथे नको. तो घेताना भारतीय नागरिकत्व जातं, एवढी किंमत प्रत्येकाने मोजलेलीच असते.)

तेव्हा बहुतेकांच्या वाट्याला येतं ते विमानतळाचं पोट. तिथे काय असतं? अत्तरं, घड्याळं, चॉकलेटं, दारू. सुरक्षातपासणी संपली की अनेक ठिकाणी वाटच दुकानांच्या मधून वळणं घेत जाते, टाळू म्हटलं तरी टाळता येत नाही. आणि खुर्च्या बघितल्यात? दर दोन खुर्च्यांच्या मध्ये एक लोखंडी हात. तो हात टेकवण्यासाठी आहे अशी आपली भाबडी समजूत. माणूस आडवा होऊ नये, हे त्याचं खरं काम. आडवा झालेला माणूस काही विकत घेत नाही!

दोनेक वर्षांपूर्वी एका मोठ्या विमानतळावर (नाव घेत नाही, गोव्यातलं नव्हतं) मला रात्री अकरापासून सकाळी सातपर्यंत थांबायचं होतं. शेजारी पेडण्याकडची एक म्हातारी होती, लेकीच्या बाळंतपणाला चाललेली. बारा वाजता तिने खांबाच्या आडोशाला शाल अंथरली आणि पिशवी उशाला घेतली. पाच मिनिटांत एक जण आला आणि ‘इथे झोपायचं नाही’ म्हणून तिला उठवून गेला. माणूस उद्धट नव्हता, त्याला तसंच सांगितलेलं असणार. म्हातारी उठून बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “मागीर न्हिदूंचें खंय?”

मग झोपायचं कुठे? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणजे होतं. ‘लाऊंज आहे’. पण त्याला अमुक बँकेचं कार्ड लागतं. तासाच्या हिशोबाने मिळणारी खोली आहे, तिचं भाडं तिला मी सांगितलं नाही. वयस्क बाईची थट्टा करू नये.

आपल्याला वाट पाहणं नवीन नाही हो! कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली. त्याआधी रेल्वेने मुंबईला जायचं तर लोंढ्यावरून मिरज, तिथे छोट्या गाडीतून उतरून मोठ्या गाडीत बसायचं. मिरजेच्या फलाटावर माझ्या पिढीने जेवढ्या रात्री काढल्या, त्या कोणी मोजल्या नाहीत. पण वळकटी सोडायची, ट्रंकेला पाय लावून झोपायचं, ‘गाडी आली की उठव रे’ म्हणून हमालाला सांगायचं. स्वच्छता फारशी नव्हती, डास तर होतेच. तरी निजलेल्या माणसाला कोणी उठवल्याचं मला आठवत नाही. रेल्वेने प्रतीक्षालय बांधलं, विश्रामकक्ष बांधले, आणि आजही तिकिटाच्या पीएनआरवर तिथे खोली मिळते. वाट पाहणं हा प्रवासाचाच भाग आहे, हे रेल्वेने मान्य केलं होतं.

त्याहून मोठं उदाहरण मुंबईतल्या कुडींचं. धोबीतलाव, माझगाव भागात गोव्यातल्या एकेका गावाने आपापली कूड काढली. बोटीवर चढायची वाट पाहणारा तारवटी तिथे अगदी थोडक्या पैशांत राहायचा. भिंतीला लागून ट्रंका, रात्री जमिनीवर अंथरुणं, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स. ख्रिस्ती गोंयकारांची ही व्यवस्था, म्हणून आपल्यातल्या काहींना परकी वाटेल. वाटायला नको. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथल्या देवळांभोवतीच्या अग्रशाळा दुसरं काय सांगतात? लांबून आलेला माणूस थकलेला असतो आणि त्याला आधी पाठ टेकायला जागा लागते. दर्शन सकाळी. आपल्याकडे पाहुण्याला पायांवर पाणी घातल्याशिवाय बाजार दाखवत नसत.

यावर कोणी म्हणेल, विमानतळ म्हणजे धर्मशाळा नव्हे. ठीक. मग सिंगापूरचं काय? चांगीला प्रवाशांसाठी पाय पसरून पडायच्या फुकट जागा आहेत. शिवाय ज्याच्या हातात साडेपाच तासांहून जास्त वेळ आहे त्याच्यासाठी विमानतळच फुकट शहरदर्शन काढतो, व्हिसाचे नियम बसत असले म्हणजे झालं. दोह्यात स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळे शांत कक्ष आहेत, त्यालाही पैसे पडत नाहीत. त्यांची दुकानं बंद पडलेली नाहीत. उलट, झोप झालेला माणूस चार चॉकलेटं जास्तच घेतो.

आपल्याकडचा कायदाही अर्ध्या वाटेपर्यंत आलेला आहे. रात्री आठ ते पहाटे तीन या वेळात सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर कंपनीने प्रवाशाची हॉटेलात सोय करावी असा नियम आहे. म्हणजे रात्री माणसाला झोप लागते हे सरकारला ठाऊक आहे! पण तीच आठ तासांची रात्र तिकिटातच छापून विकली, की ती ‘कनेक्शन’ होते आणि जबाबदारी कोणाचीच उरत नाही.

ओरड केली तर फरक पडतो. विमानतळावरच्या चहाच्या किमतीवर लोक वर्षानुवर्षं बोंबलत होते. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला ‘उडान यात्री कॅफे’ निघालं, १० रुपयांत चहा आणि १० रुपयांत पाणी. पुढे इतर काही विमानतळांवरही ते आलं. मग १०० खाटा, नाही तर निदान हात नसलेल्या खुर्च्यांची एक रांग आणि मंद दिवा मागायला आपण का लाजतो? मोपा नवा आहे, २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेला. तिथे जागाही आहे. सुरुवात आपल्याच घरातून का नको?

त्या रात्रीनंतर त्या विमानतळाकडून ‘आपला अनुभव कळवा’ अशी ई-मेल आली. दुकानं कशी वाटली, खाणं कसं वाटलं, असे चौदा प्रश्न. झोपेबद्दल एकही नाही. शेवटच्या रिकाम्या चौकटीत मी म्हातारीची सगळी हकिकत लिहिली. आठ दिवसांनी उत्तर आलं. आभार मानले होते, आणि खाली ड्युटी-फ्रीमध्ये दहा टक्के सवलतीचं कूपन जोडलेलं होतं.