‘फॅसिस्ट’ कोणाला म्हणावे?

राष्ट्रहिताचा उच्चार करणाऱ्याची ‘फॅसिस्ट’ म्हणून संभावना करण्याची आपल्याकडील डाव्या विचारवंतांची खोड जुनी आहे. शब्द असा सवंग झाला की त्याचा अर्थ हरवतो. म्हणून फॅसिझम, साम्यवाद आणि समाजवाद यांतील भेद एकदा स्पष्ट केला पाहिजे.

इटलीत १९२२ साली सत्तारूढ झालेल्या मुसोलिनीने राज्यसंस्था सर्वोपरी मानली. कारखाने मालकांकडेच राहिले, पण मालक आणि मजूर दोघेही राज्याच्या आज्ञेत आले. रशियात १९१७ नंतर साम्यवाद्यांनी खासगी मालकीच मोडीत काढली आणि कामगारवर्गाच्या नावाने एका पक्षाची हुकमत बसवली. लोकशाही समाजवादही संपत्तीच्या न्याय्य वाटपाचा आग्रह धरतो, परंतु मतपेटीच्या मार्गाने. मतदारांनी नाकारले तर तो सत्ता सोडतो. मालमत्तेच्या प्रश्नावर पहिल्या दोघांत वैर असेल. विरोधकाला जागा न ठेवण्याबाबत मात्र त्यांचे एकमत आहे.

हा भेद मुंबईच्या उपनगरांनी अनुभवला आहे. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली. ४ जुलैला संघावर बंदी आली. जयप्रकाशजींच्या आंदोलनाला फॅसिस्ट ठरवणाऱ्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाने आणीबाणीची पाठराखण केली. मार्क्सवादी पक्षाने विरोध केला आणि अहिल्याताई रांगणेकर कारावासात गेल्या, हेही न्यायबुद्धीने नोंदवले पाहिजे. गोरेगावच्या ‘पाणीवाली बाई’ मृणालताई गोरे निष्ठावंत समाजवादी. त्या भूमिगत राहून लढल्या आणि पुढे गजाआड गेल्या. सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्यात स्थानबद्ध होते. १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्षातर्फे उत्तर मुंबईने मृणालताईंना, तर मुलुंड-घाटकोपरच्या ईशान्य मुंबईने जनसंघाच्या सुब्रह्मण्यम स्वामींना लोकसभेत पाठवले.

पुढे १९७९ मध्ये दुहेरी सदस्यत्वाच्या वादात समाजवाद्यांनीच संघाला लक्ष्य केले. त्याचा सल आजही आहे. तथापि, त्या मतभेदाचा निवाडा कोणी तुरुंगाने केला नाही, मतदारांनी केला. लोकशाहीतील वैचारिक विरोधक आणि हुकूमशहा यांतील अंतर ते हेच.

तेव्हा विशेषणे बाजूला ठेवावीत आणि प्रत्येक पक्षाला एकच प्रश्न विचारावा : सत्ता हाती असताना विरोधकाचे तोंड तुम्ही मोकळे ठेवता काय? बंदीची झळ सोसलेल्यांनी हा प्रश्न प्रथम स्वतःला विचारावा. तो अधिकार आणि ते कर्तव्य, दोन्ही आपले आहे.