तक्त्यातला मालक

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर उद्योगसंस्थेच्या व्यवस्थापनाचा तक्ता काढला. सर्वांत वर भागधारक, त्याखाली संचालक मंडळ, मग व्यवस्थापकीय संचालक, खातेप्रमुख आणि शेवटी कामगार. सहकारी साखर कारखान्याची रचनाही अशीच. फरक एवढाच की, कंपनीत जितके शेअर तितकी मते, तर सहकारात 'एक सभासद, एक मत'. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने अंतिम अधिकार सभासदांच्या सर्वसाधारण सभेला दिला आहे. म्हणजे शहागडला गोदाकाठी दोन एकर ऊस लावणारे माझे वडील त्या तक्त्यात एमडी साहेबांच्याही वर बसतात!

शेतात मात्र हा तक्ता उलटा होतो. गेल्या हंगामात आमच्या उसाला तुरे आले तरी तोड मिळेना. दादा रोज सकाळी चिटबॉयच्या दारात. "सायेब, आमचं बी बघा की!" चिटबॉय ही शेतकी खात्याची शेवटची पायरी, पण मालकच त्याला साहेब म्हणत होता. शेवटी तोड आली तेव्हा ऊस वाळून वजन घटले होते. आणि ज्यांच्या कोयत्यावर कारखाना चालतो ते तोडकरी? ते तक्त्यात नाहीतच. ते मुकादमाच्या वहीत असतात.

दोष एकट्या चिटबॉयचा नाही. वार्षिक सभेआधी अहवाल घरी येतो. दादांना वाचता येत नाही, म्हणून तो फळीवर पडतो. सभेत पुढचे 'मंजूर' म्हणाले की मागचेही 'मंजूर' म्हणतात. यंदा मी अहवाल वाचून दाखवला. दादा म्हणाले, "यात आपल्या तोडीचं कुठं लिव्हलंय?" कुठेच लिहिले नव्हते.

शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ एकत्र आले, म्हणून १९५० च्या सुमारास प्रवरेचा कारखाना उभा राहिला. जमीन कसणारा आणि हिशेब वाचणारा, दोघेही लागतात. आज हिशेब वाचणारे आपण, म्हणजे घरातले पहिलेच कॉलेजात आलेले. कायद्याच्या ३२ व्या कलमानुसार सभासदाला ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयात विनामूल्य पाहता येतात. हे आपल्या किती घरांत ठाऊक आहे?

तोडीची क्रमवारी सभेत वाचून दाखवावी, असा अर्ज मी लिहिला. दादांनी त्यावर अंगठा दिला. उत्तर अजून आलेले नाही. पण एकाच्या अर्जाने काय होणार? मित्रहो, सुट्टीत घरी गेलात की फळीवरचा अहवाल खाली काढा आणि वडिलांना वाचून दाखवा. विचारणारा मालक नसेल, तर मालकाची जागा फळ्यावरच राहील.